शहाजीराजांवर गेम रचायचाय? आधी वेरूळला या

"रेड अलर्टमध्ये सोव्हिएत सेनानी इतिहास बदलून सत्तेवर बसतात. मग आपल्या शहाजीराजांना घेऊन असा गेम का नाही?"

हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी वारंवार कानावर येतो. कधी दहावीतला मुलगा विचारतो, कधी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, तर कधी सुट्टीतल्या शिबिरासाठी बोर्ड गेम बनवू पाहणारे शिक्षक. त्याच्या पाठोपाठ शंकाही ठरलेल्या असतात. ऐतिहासिक व्यक्तीवर गेम करायला कुणाची परवानगी लागते? "असं घडलं असतं तर" असं दाखवलं तर गुन्हा होतो का? लेण्यांचे फोटो, पुतळ्याचं चित्र, कादंबरीतला प्रसंग वापरता येतो का? आणि मलिक अंबरला नायक केलं तर लोक चिडतील का?

थोडक्यात उत्तर असं. इतिहासात घडलेल्या गोष्टी कुणाच्या मालकीच्या नसतात, त्यामुळे त्या वापरायला परवानगी लागत नाही. मात्र चित्र, लेखन, नाव आणि जागा यांना नियम आहेत. नियमांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते: तुम्ही नेमकं काय बदलणार आहात आणि कशाला हात लावणार नाही. आपण याच क्रमाने जाऊ.

१. आधी नायक ठरवा

वेरूळच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात गेमला पुरतील असे दोन मोठे सेनानी सापडतात. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

- शहाजीराजे भोसले. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती. मालोजीराजे निजामशाहीत सरदार झाले. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तिन्ही दरबारांत वावरले. १६३३ च्या सुमारास त्यांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला मुर्तझा निजामशाह म्हणून बसवलं आणि जवळपास तीन वर्षं त्याच्या नावाने राज्य चालवलं.
- मलिक अंबर. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर त्याने परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं. १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो वारला. त्याची कबर वेरूळपासून चार-पाच किलोमीटरवर खुलताबादला आहे.
- काल्पनिक सरदार. नाव तुमचं, काळ आणि परिस्थिती खरी. पहिलाच गेम असेल तर हा पर्याय सोपा पडतो. वंशजांच्या आणि अनुयायांच्या भावनांचा प्रश्न उरत नाही, आणि खेळाडूला चुका करायलाही मोकळीक मिळते.

माझा सल्ला असा, की पहिल्या खेपेला खेळाडूच्या हाती काल्पनिक सरदार द्या आणि शहाजीराजे, मलिक अंबर आणि शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव यांना पटावरचे स्वतंत्र गट करा. दुसऱ्या आवृत्तीत त्यांना खेळाडूच्या हाती देता येईल.

२. सोव्हिएत जनरलची नक्कल करू नका

बहुतेक गेम इथेच फसतात. २००८ च्या 'रेड अलर्ट ३' मध्ये हरत आलेले कर्नल चेर्देंको आणि जनरल क्रुकोव्ह कालयंत्रातून १९२७ च्या ब्रसेल्सला जातात. तिथे आइनस्टाइनचा काटा काढतात. परत येतात तेव्हा चेर्देंको देशाचा प्रमुख झालेला असतो. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' या गेमवर चाहत्यांनी रचलेल्या काही मॉडमध्ये मार्शल तुखाचेव्हस्कीसारखे सेनानी फुटलेल्या रशियात आपापले गट चालवतात. खऱ्या इतिहासात तुखाचेव्हस्कीला १९३७ साली गोळ्या घातल्या गेल्या होत्या. या सगळ्यांत सेनानी खुर्ची रिकामी करतो आणि स्वतः तिच्यावर बसतो.

दख्खनमध्ये असं चालत नव्हतं. मलिक अंबरच्या हाती सैन्य, महसूल, राजधानी सगळं होतं, पण गादीवर निजामशाही रक्ताचाच माणूस लागे. दुसऱ्या मुर्तझाशी बिनसल्यावर अंबरने गादीवरचा माणूस बदलला, गादी मात्र त्याच घराण्याची ठेवली. शहाजीराजांनीही स्वतःच्या डोक्यावर छत्र धरलं नाही. दौलताबाद मोगलांच्या हाती पडलं, त्या वेळचा सुलतान हुसेन निजामशाह कैदेत गेला, तेव्हा त्यांनी घराण्यातलं एक मूल शोधून काढलं. सरदार, किल्लेदार आणि देशमुख निजामशाहीच्या नावाभोवतीच एकत्र येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून तुमच्या गेममधला सर्वांत महत्त्वाचा आकडा फौजेचा ठेवू नका, छत्राचा ठेवा. बाल सुलतान तुमच्या ताब्यात असेल तर किल्लेदार दरवाजा उघडतो. तो निसटला तर दहा हजार घोडेस्वार असूनही तुम्ही बंडखोर ठरता. हा एक नियम नीट बसला की गेम दख्खनचा होतो. तो नसेल, तर रेड अलर्टलाच पागोटं घातल्यासारखं होईल.

३. एक दिवस वेरूळ-खुलताबादला द्या

पुस्तकं वाचून नकाशा काढता येतो, पण अंतराचा अंदाज पायानेच येतो. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळ साधारण तीस किलोमीटर आहे आणि एसटी मिळते. दिवस असा आखा:

- सकाळ, वेरूळ गाव. मालोजीराजांची गढी आणि शहाजीराजांचं स्मारक पाहा. गढी म्हणजे किल्ला नव्हे. माझ्या पहिल्या कच्च्या पटावर मी वेरूळला बुरूज आणि तोफा देऊन ठेवल्या होत्या. गावातल्या एका आजोबांनी पट पाहून विचारलं, "पाटलाच्या घराला तोफा कशाला हो?" तेव्हापासून माझ्या पटावर वेरूळ हे महसूल, माणसं आणि घराण्याचा मान देणारं गाव आहे. लढाईचं ठाणं नाही.
- घृष्णेश्वर. या देवळाच्या जीर्णोद्धाराशी मालोजीराजांचं नाव जोडलं जातं. आज दिसणारी वास्तू अहिल्याबाई होळकरांच्या काळातली, म्हणजे अठराव्या शतकातली. तुमच्या सतराव्या शतकातल्या पटावर आजचं शिखर काढू नका.
- लेणी. चौतीस लेणी पाहायला अर्धा दिवसही कमी पडतो. गेमसाठी कैलास पाहून पुढे चला. मंगळवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.
- दुपार, खुलताबाद. मलिक अंबरची कबर पाहा. गावात इतरही दर्गे आणि कबरी आहेत. चित्रीकरण करताना तिथल्या मंडळींना विचारा, चपला बाहेर काढा आणि प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा.
- उतरती दुपार, दौलताबाद. खंदक, अंधारी वाट आणि तासलेला कडा पाहिल्यावर १६३३ चा वेढा कसा चालला असेल हे कळतं. सोंगटीला "तटबंदी: १०" असा आकडा कशासाठी द्यायचा, हे इथे उमजतं.
- संध्याकाळ, शहर. अंबरच्या काळातला भडकल दरवाजा आणि नहर-ए-अंबरीची माहिती घ्या. डोंगरातलं पाणी खापरी नळांनी गावात आणणारी ही व्यवस्था तुमच्या गेममध्ये 'पाणी' हा घटक का हवा, ते सांगते.

सोबत वही ठेवा. प्रत्येक ठिकाणी फक्त तीन गोष्टी लिहा: इथून पुढच्या ठिकाणी जायला किती वेळ लागला, पाणी कुठे होतं, आणि घोडा चढेल अशी वाट होती का. पटावरच्या चालींचे नियम यातूनच निघतात.

४. एकच खुंटी हलवा

पर्यायी इतिहास म्हणजे वाटेल ते घडवणं नव्हे. एकच घटना बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, आणि मग काय होतं ते खेळाडूवर सोडायचं. दोन खुंट्या हलवल्या की कोणता परिणाम कशामुळे झाला, हे कळेनासं होतं. निवडायला तीन चांगल्या खुंट्या आहेत:

- १६२४, भातवडी. अहमदनगरजवळच्या या लढाईत अंबरच्या फौजेने मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र सैन्याचा पराभव केला. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. त्यानंतर लवकरच शहाजीराजे आदिलशाहीत गेले. ते गेले नसते तर?
- १६२६, अंबरचा मृत्यू. कारभार मुलगा फतेहखान याच्याकडे आला. पुढे फतेहखानाने सुलतानाचा जीव घेतला आणि १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. अंबर आणखी दहा वर्षं जगला असता, किंवा त्याने वेगळा वारस तयार केला असता तर?
- १६३६, तह. शाहजहान स्वतः दख्खनला उतरला आणि त्याने आदिलशाहीशी तह केला. ज्यांच्या मदतीवर शहाजीराजांचा डाव उभा होता, तेच आदिलशाही सेनापती रणदुल्लाखानाच्या हाताखाली मोगलांसोबत माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना वेढा घालायला आले. बाल सुलतानाला मोगलांच्या हवाली करावं लागलं आणि शहाजीराजे आदिलशाही चाकरीत कर्नाटकाकडे गेले. विजापूरच्या आदिलशाहीने तह केला नसता तर?

नवख्यांनी तिसरी खुंटी घ्यावी. काळ तीनच वर्षांचा, पात्रं मोजकी, आणि हार-जीत एका सहीवर अवलंबून आहे.

हे मात्र बदलू नका: १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ. गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे माणसं-गुरं मेली, गावं ओस पडली. पेमगिरीचा डाव या होरपळलेल्या मुलखावर मांडला गेला होता. दुष्काळ वगळलात तर महसुलाचा सगळा हिशोब खोटा ठरेल.

५. गट पाडताना होणाऱ्या पाच चुका

१. मराठे विरुद्ध मुसलमान असे दोन गट करणं. हे इतिहासाला धरून नाही. भातवडीला शहाजीराजे हबशी सेनापतीच्या बाजूने लढत होते आणि त्यांचे सासरे लखुजी जाधवराव त्या काळात मोगलांकडे होते. खरे गट होते हबशी, दख्खनी, आफाकी म्हणजे इराण-तुराणकडून आलेले, आणि वेगवेगळी मराठा घराणी. हे गट धर्म पाहून नव्हे, जहागिरी आणि भरवसा पाहून बाजू बदलत.

२. बाजू बदलणं म्हणजे दगाबाजी असं धरणं. १६२९ साली लखुजी जाधवरावांना दौलताबादेत दरबारात बोलावून ठार केलं गेलं. त्यानंतर शहाजीराजे काही काळ मोगलांकडे गेले आणि दोनएक वर्षांत परतही आले. प्रत्येक बदलामागचं कारण कार्डावर लिहा, शिक्षा लिहू नका.

३. नावं आजची वापरणं. १६१५ च्या पटावर 'खडकी' लिहा. १६२६ नंतर फतेहखानाने ठेवलेलं 'फतेहनगर' चालेल. औरंगजेबाच्या सुभेदारीनंतर 'औरंगाबाद', आणि २०२३ पासून 'छत्रपती संभाजीनगर'. पटाच्या कोपऱ्यात चारही नावांचा छोटा तक्ता छापलात तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

४. आख्यायिकेला घटना म्हणणं. मालोजीराजांना सापडलेलं धन, रंगपंचमीच्या दिवशी ठरलेली शहाजी-जिजाऊंची सोयरीक या कथा गेममध्ये जरूर घ्या. पण त्यांच्या कार्डांना वेगळा रंग द्या आणि वर 'आख्यायिका' असं लिहा.

५. वादातल्या तारखा ठामपणे छापणं. शहाजीराजांच्या जन्मवर्षाबद्दल आणि मालोजीराजांच्या मृत्यूच्या वर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. गेमला ती वर्षं लागतही नाहीत. ती गाळा.

६. नियम: पाच घटक पुरे

नवखे गेमकर्ते पंधरा प्रकारची साधनसंपत्ती घेतात आणि खेळणारे तिसऱ्या फेरीला उठून जातात. दख्खनच्या या काळाला पाच घटक पुरतात:

- छत्र: बाल सुलतान कुणाच्या ताब्यात आहे आणि किती सरदार त्याला मानतात.
- स्वार: हलकं घोडदळ. मोगलांच्या जड फौजेशी समोरासमोर टक्कर दिली तर ते हरतं. रसद तोडायला, पाठलागावर खेचायला आणि रात्री छापा घालायला वापरलं तर जिंकतं. अंबरने याच गनिमी काव्यावर मोगलांना वर्षानुवर्षं झुलवलं.
- गड: पटावर फिरत नाहीत, पण वेळ विकत देतात.
- महसूल: गावांतून येतो. गाव लुटलं तर आज जास्त मिळतं आणि पुढच्या तीन फेऱ्या काहीच मिळत नाही.
- पाणी-चारा: उन्हाळ्यात फौज किती दिवस एका जागी थांबू शकते, ते ठरवतो.

जिंकण्याची अट "सगळा नकाशा घ्या" अशी ठेवू नका. "१६३६ च्या शेवटापर्यंत छत्र टिकवा" एवढी अट पुरेशी अवघड आहे.

गेम छापायच्या आधी निदान सहा वेळा खेळून पाहा. त्यातल्या दोन खेपांना इतिहास मुळीच न वाचलेली माणसं बसवा आणि तुम्ही तोंड उघडू नका. त्यांना जिथे नियम विचारावा लागला, तिथे तुमचं लेखन चुकलं असं समजा. एका खेपेला तुमची खुंटी न हलवता खेळा. तेव्हा निकाल बहुतेक वेळा खऱ्या इतिहासासारखा आला पाहिजे. शहाजीराजे दर वेळी सहज जिंकत असतील तर तुम्ही त्यांच्यापुढची अडचण कमी केली आहे, आणि त्यासोबत त्यांचं मोठेपणही.

७. काय वापरता येतं, काय नाही

- घटना, तारखा, माणसं: मोकळ्या. यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो.
- पुस्तकं: कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं असतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली, जदुनाथ सरकार १९५८ साली आणि गो. स. सरदेसाई १९५९ साली वारले. त्यांनी हयातीत छापलेलं लेखन आता मोकळं आहे. राजवाड्यांनी १९२२ साली छापलेला जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' शहाजीराजांच्या दरबाराविषयी आहे, तो जरूर पाहा. भातवडीच्या लढाईसाठी परमानंदांचं 'शिवभारत' पाहा. जुन्या ग्रंथाचं अलीकडचं भाषांतर मात्र मोकळं नसतं.
- कादंबऱ्या, मालिका, सिनेमे: घटना घेता येतील. लेखकाने रचलेले संवाद, कल्पिलेली पात्रं, मालिकेतला पोशाख आणि नटाचा चेहरा घेता येणार नाही.
- जुनी चित्रं: चित्र मोकळं असतं, पण संग्रहालयाने काढलेल्या त्याच्या फोटोला अटी असू शकतात. आधी अटी वाचा. पाहायलाच हवं असं चित्र म्हणजे जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनचं, जे डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा मलिक अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधी लागलाच नाही. पर्यायी इतिहास रचण्यात खुद्द बादशहा तुमच्या चारशे वर्षं पुढे होता!
- पुतळे आणि वास्तू: सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचं चित्र किंवा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची मुभा आहे. मात्र त्याच पुतळ्याची छोटी मूर्ती किंवा सोंगटी बनवायची असेल तर शिल्पकाराची परवानगी घ्या. ही मुभा त्रिमितीय नकलेला लागू नाही.
- लेण्यांमधलं चित्रीकरण: मोबाईलने फोटो काढता येतात. तिपाई, प्रकाशझोत, ड्रोन किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी घ्या, ऐन वेळी दारावर हुज्जत घालू नका. राज्य-संरक्षित वास्तूंसाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करा. कोणती वास्तू कुणाची, हे तिथल्या फलकावर लिहिलेलं असतं. राष्ट्रीय संरक्षित वास्तूवर खरडलं किंवा तिला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.
- नाव: गेमच्या नावात किंवा पेटीवर जाहिरातीसाठी छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव वा चित्र घालायचा मोह होईल. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत हे नाव आहे, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारी कामासाठी वापरता येत नाही. १६३६ साली महाराज सहा वर्षांचे होते. तुमच्या गेमला त्या नावाची गरजही नाही.
- दुसऱ्याच्या गेमवर मॉड: मूळ कंपनीच्या अटी वाचा. बहुतेक कंपन्या फुकट वाटायला आडकाठी करत नाहीत, विकायला करतात.

८. मित्रांसोबत करताय? कागद करा

गेम चालला की मैत्रीत पहिली ठिणगी मालकीवरून पडते. चित्र कुणाचं, नियम कुणाचे, पैसे कसे वाटायचे, हे सुरुवातीलाच एका पानावर लिहून सह्या करा. त्यात दोन गोष्टी विसरू नका.

- हक्क दुसऱ्याला देताना किती वर्षांसाठी ते लिहा. लिहिलं नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो.
- कोणत्या प्रदेशासाठी तेही लिहा. नाही लिहिलं तर फक्त भारतापुरतं मानलं जातं.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा करार कायद्याने टिकत नाही, म्हणून त्यांच्या वतीने पालकांनी सही करावी. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो आणि नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास नोंदणी कामी येते. लक्षात ठेवा, संरक्षण मिळतं ते तुमच्या चित्रांना आणि नियमपुस्तिकेच्या शब्दांना. "छत्र ताब्यात ठेवा" ही कल्पना उद्या दुसरा कुणीही वापरू शकतो.

९. विकायची असेल तर

- चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचा गेम खेळण्यांच्या गुणवत्ता आदेशात येतो आणि त्याला भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह लागतं. मुलांसाठीच बनवलेल्या पेटीवर नुसतं "१४ वर्षांवरील" छापून सुटका होत नाही.
- पेटीवर एमआरपी, निर्मात्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापा.
- ऑनलाइन गेम असेल तर त्यात पैज लावू नका. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आहेत. पैज नसलेल्या गेमला अडचण नाही.
- अठरा वर्षांखालच्या खेळाडूंची नावं, फोन नंबर गोळा करणार असाल तर पालकांची संमती घ्या. सोपा मार्ग म्हणजे ती माहिती गोळाच करू नका.

१०. कुणी आक्षेप घेतला तर

तुमच्याकडे संविधानाच्या कलम १९ ने दिलेलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, आणि त्यावर वाजवी मर्यादाही आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ गटांत वैर पसरवण्याबद्दल आणि कलम २९९ हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. बदनामीच्या कलम ३५६ नुसार मृत व्यक्तीची निंदाही, तिच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली असेल तर, गुन्हा ठरू शकते. या तिन्हींत हेतू आणि शब्दांचा सूर पाहिला जातो. म्हणून तयारी अशी ठेवा:

१. प्रत्येक कार्डामागचा आधार एका फाईलमध्ये नोंदवा, पुस्तक आणि पानासकट.
२. छापण्याआधी वेरूळ-खुलताबादच्या एक-दोन जाणत्यांना आणि एखाद्या इतिहास शिक्षकाला पट दाखवा.
३. तक्रार आली तर ती लेखी मागा आणि लेखी उत्तर द्या. चूक असेल तर दुरुस्तीचं कार्ड काढा, त्यात कमीपणा नाही.
४. धमकी आली तर समाजमाध्यमांवर उत्तर देत बसू नका. पुरावा जपा आणि पोलिसांत द्या.
५. नोटीस आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

शेवटची एक ओळ, नियमपुस्तिकेत पहिली

पर्यायी इतिहासावरचे बहुतेक वाद, इतिहास कुठे थांबला आणि कल्पना कुठे सुरू झाली हे न सांगितल्याने होतात. म्हणून नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर तुमच्या खुंटीची तारीख ठळक छापा आणि खाली लिहा: "इथपर्यंत घडलेलं. इथून पुढे तुमचं." मग खेळाडू माहुलीच्या वेढ्यात अडकला, बाल सुलतान त्याच्या हातून निसटला आणि तो चिडून पट सोडून उठला, तरी हरकत नाही. शहाजीराजांपुढे १६३६ साली काय वाढून ठेवलं होतं, ते त्याला त्या घटकेपुरतं कळलेलं असेल.